आमची बोली अशुद्ध की वेगळी?

आमच्या गावाचे नाव हळ्ळीखेड (बी). कानडीत 'हळ्ळी' म्हणजे खेडे. 'खेड' म्हणजे काय, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. कंसातील 'बी' हा फारसी 'बुजुर्ग' या शब्दाचा अवशेष असून त्याच शब्दाचे महाराष्ट्रात 'बुद्रुक' झाले. गावाच्या नावातच जेथे तीन भाषा नांदतात, तेथील मराठी माणसाच्या जिभेवरही त्या नांदाव्यात, यात आश्चर्य ते काय? तरीही आमची मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेली किंवा मुलगा नोकरीसाठी मुंबईस गेला, की चार दिवसांतच प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कानडी का?" आणि त्यामागोमाग बहुधा उपदेशही येतो, "जरा शुद्ध बोलत जा."

आमच्या बोलीचा जो उच्चार परक्या कानास सर्वांत आधी खटकतो, त्यापासूनच आरंभ करू. पुणेकर म्हणतो, 'मी काम करतो आहे.' आम्ही म्हणतो, 'मी काम करूलालो.' 'काय करूलालास?', 'पोरं येऊलालेत', 'पाऊस पडूलालाय' ही आमची नित्याची वाक्ये. 'करू लागलो' ही दोन पदे सलग व जलद उच्चारून पाहावीत, म्हणजे या रूपाची जातकुळी ध्यानात येते. ग्रंथात 'लागणे' हे क्रियापद आरंभ दाखविते. आमच्या बोलीत ते चालू असलेली क्रिया दाखवू लागले, एवढाच फरक. हे रूप पुरुष, लिंग व वचन यांप्रमाणे नेमाने चालते. ज्याला नियम आहे, त्यास अपभ्रष्ट कसे म्हणावे? शिवाय हे केवळ आमच्या गावाचे वैशिष्ट्य नव्हे. उदगीर व निलंगा या भागांतही असेच बोलतात, आणि हे तालुके आज महाराष्ट्रात आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात राहिले. सीमारेषा नकाशावर उमटली, पण सोयरीक व बोली दोन्हीकडे सारखीच राहिली.

दुसरी गोष्ट स्वरांची. आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी 'ओढा' यास 'वढा', 'ओळख' यास 'वळख' आणि 'एक' यास 'येक' म्हणतात. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतूनही हे ऐकू येते. याच जातीचा बदल दूरच्या चेक भाषेतही घडला आहे, हे वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. त्या भाषेत खिडकीस 'ओकनो' म्हणतात. परंतु प्राग शहरातील सुशिक्षित माणूसही घरी 'वोकनो' म्हणतो. पूर्वेकडील मोराव्हियातील लोकांस मात्र हा 'व' सहसा परका वाटतो. चेक भाषेची ग्रंथिक घडी योसेफ दोब्रोव्स्की या पंडिताने १८०९ च्या आपल्या व्याकरणात बसविली, ती सोळाव्या शतकातील ग्रंथांच्या आधारे. त्यामुळे लेखनाची भाषा एक आणि बोलण्याची दुसरी, अशी तेथे स्थिती झाली. तरी बोलीवाचून त्या साहित्याचे पान हलले नाही. यारोस्लाव हाशेकचा जगप्रसिद्ध शिपाई श्वेक याच बोलभाषेत बोलतो.

तिसरी गोष्ट वाक्याच्या बांधणीची. 'मी उद्या येतो असे त्याने सांगितले', असे ग्रंथात लिहितात. आमच्याकडे 'उद्या येतो म्हणून सांगितलं' असेच म्हणतात. कानडी शेजारी 'नाळे बर्तीनि अंत हेळ्द' म्हणतो आणि दखनी बोलणारा मुसलमान शेजारी 'कल आता हूँ बोलके बोला' म्हणतो. 'म्हणून', 'अंत' आणि 'बोलके' हे तीन शब्द एकाच जागी बसून एकच काम करतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे असेच आढळले. तेथील मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे, की एका भाषेतील शब्द काढून दुसरीतील बसवावेत, असे गंपर्झ व विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिले. त्यांचा तो निबंध जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांस ठाऊक आहे.

ही देवघेव एकतर्फी नाही. 'अक्का', 'अण्णा' हे शब्द साऱ्या महाराष्ट्राने कानडीतून घेतले. दखनीने आमचा 'नको' घेऊन 'नक्को' केला, आणि जोर देण्यासाठी येणारा आमचा 'च'ही उचलला. आमच्याच तालुक्यातील माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी या भाषांत पदे रचिली. कोणती भाषा आपली व कोणती परकी, हा प्रश्न त्यांस पडलेला दिसत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ कौतुक नव्हे. आमच्या अनेक घरांतील मुले आज कानडी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. मराठी त्यांस भेटते ती आजीच्या तोंडून, स्वयंपाकघरात व अंगणात. सुटीत आलेल्या पाहुण्यांनी त्या मराठीस हसावे आणि आईनेच "असे बोलू नये" म्हणून डोळे वटारावे, म्हणजे मूल काय करते? ते पुणेरी मराठी शिकत नाही, कारण ती शिकवणारे घरात कोणी नसते. ते गप्प होते, आणि पुढे आजीशीही कानडीत बोलू लागते. मग शुद्धही जाते व अशुद्धही जाते.

म्हणून बृहन्महाराष्ट्रातील आमच्या बंधुभगिनींस, मग ते इंदूरचे असोत, बडोद्याचे असोत वा तंजावरचे, आमची एवढीच विनंती आहे. मुलांस ग्रंथिक मराठी अवश्य शिकवावी. तिच्यावाचून पुस्तके वाचता यावयाची नाहीत, आणि दूरच्या मराठी माणसास पत्रही लिहिता यावयाचे नाही. परंतु ती शिकवताना आजीचे वाक्य चुकीचे ठरवू नये. 'ग्रंथात असे लिहितात, आपल्या घरी असे बोलतात', इतके सांगितले तरी मुलांस पुरते. दोन्ही लक्षात ठेवण्याइतकी ती हुशार असतात. आजी जे बोलते, ते शक्य तर वहीत उतरवून ठेवावे. पुढच्या सुटीत पाहुणे आले आणि नातवाने 'जेवूलालो' म्हटले, तर त्यास खुशाल जेवू द्यावे.