कमी खर्चात, कमी उन्हात: रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एक दिवस



एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, आम्ही एक दिवस समुद्रावर जाऊन आलो तर चालेल का?’ विचारणाऱ्याला मधुमेह असतो, किंवा ब्लडप्रेशरची गोळी चालू असते, किंवा दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली असते. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘जरूर जा’ असंच असतं. पण त्याच्या पुढचं बोलायला दवाखान्यात वेळ पुरत नाही, म्हणून हा लेख.

रत्नागिरीत राहून तीन-तीन वर्षं समुद्र न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. एका पेशंटच्या पत्नी एकदा म्हणाल्या, ‘यांच्या हृदयाचं झाल्यापासून आम्ही लग्नकार्य सोडून कुठे गेलोच नाही.’ घरापासून भाट्याची पुळण चार किलोमीटर. अडचण पैशांची नव्हती, भीतीची होती. उलट टोकाची माणसंही येतात. सुट्टी मिळाली म्हणून भर दुपारी बारा वाजता वाळूत उतरतात आणि संध्याकाळी सलाईन लावून घेतात.

मी आणि माझी पत्नी गेली अनेक वर्षं महिन्यातला एक रविवार अशा एका दिवसाच्या सहलीसाठी ठेवतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. किनाऱ्यावरची स्वस्त सहल आणि तब्येतीला मानवणारी सहल यांचं वेळापत्रक एकच असतं. पहाटे निघायचं, दुपारी सावली धरायची, डबा-पाणी घरचं न्यायचं. यात पैसेही वाचतात आणि माणूसही सुखरूप घरी येतो.

किनाऱ्याचं ऊन फसवं का?

घामाने शरीर थंड होतं, पण तो वाळला तरच. आपल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात ४० अंशांपासून करतं, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासून. नागपूरचे ४० आणि रत्नागिरीचे ३७ यांत शरीराला फारसा फरक वाटत नाही.

दुसरी फसवणूक वाऱ्याची. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकल्याचं आठवत असेल. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून वारा येऊ लागतो. तो अंगाला बरा वाटतो, पण सूर्यकिरणं तेवढीच कडक राहतात. त्यात वाळू आणि लाटांचा फेस काही किरणं परत अंगावर फेकतात. छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो तो त्यामुळे.

खर्चाचा हिशेब

एसटीने जा. महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. कोल्हापूरकडची मंडळी आंबा घाटाने पहाटे निघाली तर त्यांनाही हे एका दिवसात जमतं. घरून पोळी-भाजी, काकडी आणि माणशी दोन लिटर पाणी घेतलं की खर्च उरतो तिकिटाचा आणि चहाचा.

निघण्याआधी कालनिर्णयात तिथी पाहा. मच्छीमारांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे साधारण तीन वाजता. तासभर इकडेतिकडे धरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. म्हणजे ऊन कोवळं असताना रुंद, ओली, घट्ट वाळू चालायला मिळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला बरीच जास्त ताकद लागते. गुडघेदुखी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ओल्या वाळूवरूनच चालावं.

पहिली सहल: शहरातल्या शहरात

ज्यांना प्रवासाचीच धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. सकाळी साडेसहाला भाट्याच्या किनाऱ्यावर जा. सुरूच्या बनाची सावली आहे, पुळण लांब आणि सपाट आहे. अर्धा तास चाला, झरी विनायकाचं दर्शन घ्या, डबा खा. ऊन चढायच्या आत शहरात या आणि टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान पाहा. २३ जुलै १८५६ रोजी ते इथे जन्मले. कौलारू घर आहे, आत गारवा असतो. तिथून पतितपावन मंदिरात जा. सावरकरांच्या प्रयत्नांतून आणि भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने ते १९३१ साली उभं राहिलं.

दुपार थिबा राजवाड्यासाठी ठेवा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून इथे आणलं. त्याच्यासाठी १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये इथेच, परत न जाता, तो वारला. उंच छतं, जाड भिंती, मोठी दालनं. कडक उन्हात दोन तास काढायला याहून बरी जागा नाही. सोमवारी जाऊ नका, वस्तुसंग्रहालयाचा सुट्टीचा दिवस असतो. ऊन उतरलं की जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडीवरचा सूर्यास्त पाहा आणि घरी या.

दुसरी सहल: आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर. सगळ्या गाड्या या रस्त्याने जात नाहीत, म्हणून गाडी आरे-वारेमार्गे आहे ना, हे वाहकाला विचारूनच बसा. डोंगराच्या कडेने जाताना दोन्ही किनारे एकाच वेळी दिसतात. खिडकीची जागा मिळाली की निम्मी सहल तिथेच झाली.

गणपतीपुळ्याला आठच्या आत पोहोचा. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, मोठी गर्दी असते. आजारी माणसाला उन्हातली रांग झेपत नाही, ते दिवस टाळा. आणि तिथल्या समुद्रात पोहू नका. किनारा एकदम खोल होतो, ओढ जोरात आहे. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, त्या वाचा. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी लाटेचा आनंद मिळतोच. दुपार मालगुंडला घालवा. कवी केशवसुतांचं हे जन्मगाव. त्यांचं घर आणि स्मारक नीट जपलेलं आहे, आणि बसायला शांत जागा आहे.

तिसरी सहल: पावस, पूर्णगड, गावखडी

ही माझी सर्वांत आवडती सहल. सकाळच्या पहिल्या गाडीने आधी पूर्णगडला जा. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे हा छोटासा किल्ला आहे. चढ थोडाच आहे, तटावरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. पुलापलीकडे गावखडीचा किनारा आणि सुरूचं बन आहे. या पुळणीवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. घरटी दिसली तर लांबूनच पाहा. ऊन तापायच्या आत परतीच्या वाटेवर पावसला उतरा. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात दुपारी प्रसादाची खिचडी मिळते. सावली, शांतता आणि हलकं जेवण. मी पेशंटना जे सांगतो ते सगळं तिथे आपोआप होतं.

पाय सांभाळा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले. मधुमेह बारा वर्षांचा. किनाऱ्यावरच्या एका देवळाला दुपारी एक वाजता त्यांनी अनवाणी प्रदक्षिणा घातली होती. त्यांना काहीच जाणवलं नाही. घरी आल्यावर नातीने विचारलं, ‘आजोबा, फरशीवर हे पाणी कसलं?’ दोन्ही तळव्यांवर फोड येऊन फुटले होते. जखम भरायला दोन महिने लागले. ड्रेसिंगवर झालेल्या खर्चात अशा वीस सहली झाल्या असत्या.

जुन्या मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना कमी होते. पाय भाजतो, पण तशी खबर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ‘मला चटका बसत नाही’ हे त्यामुळे सुदैव नव्हे, लक्षण आहे. अशा वेळी दर्शन सकाळीच घ्या. देवळात जाड सुती मोजे घालून जा, श्रद्धेला त्याने बाधा येत नाही. वाळूत मागून पट्टा असलेली चप्पल घाला. घरी आल्यावर तळवे आरशात पाहा, किंवा घरच्यांना दाखवा. फोड आला असेल तर तो फोडू नका, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

काय प्यावं?

साधं पाणी सगळ्यांत चांगलं. तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहा. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र तेच प्रमाण पाळा आणि त्या मानाने उन्हात कमी फिरा.

शहाळं बहुतेकांना चालतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कोकमाचंही तसंच आहे. अमृत कोकमात साखर असते, आगळात मीठ. मधुमेहींनी पहिलं टाळावं, ब्लडप्रेशरवाल्यांनी दुसरं बेताने घ्यावं. ओआरएस हे जुलाबाचं किंवा खूप घाम गेल्यावरचं औषध आहे, दिवसभर प्यायचं सरबत नाही. एक लिटरच्या पाकिटात अडीच ग्रॅमच्या वर मीठ असतं, आणि दिवसाची शिफारस एकूण पाच ग्रॅमच्या आत आहे.

औषधांचं काय?

सहल आहे म्हणून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. लघवी वाढवणारी गोळी किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर उन्हात शरीरातलं पाणी लवकर कमी होऊ शकतं. त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नका. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. साखर उतरली तर लागेल म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

आणि काहींनी सध्या जाऊच नये. छातीत दुखणं अलीकडे वाढलंय, झोपल्यावर धाप लागते, पायांची सूज चढतेय, किंवा हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही, अशांनी आधी तपासून घ्यावं.

थांबायचं कधी?

पायात गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना. लगेच सावलीत बसा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, घोट घोट पाणी प्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतायला लागा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करत राहा. तेवढ्या वेळात जीव वाचू शकतो.

इतकं वाचून ‘नकोच ती सहल’ असं मनात आलं असेल तर एक लक्षात घ्या. वर लिहिलेल्या गोष्टींत महाग असं काहीच नाही. मोजे, थर्मास, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घरात असतातच. घड्याळ मात्र पाळावं लागतं: सकाळी अकरापर्यंत बाहेर, अकरा ते चार सावलीत, चारनंतर पुन्हा किनाऱ्यावर. वर्षानुवर्षं घरात बसून राहिल्यानेही तब्येत खालावते. त्यामुळे येत्या अमावास्येची किंवा पौर्णिमेची तारीख आजच पाहून ठेवा, आणि सोबत कोण येणार ते विचारा. एकट्याने मात्र जाऊ नका.