गज

आमच्या गावच्या घरात दारू असायची. मुसलमानाच्या घरात दारू म्हणून दचकू नका. ती बंदुकीची दारू. आजोबांना आम्ही बाबाजी म्हणायचो. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि शेतीच्या राखणीचा परवाना होता. महाड तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात आमचं गाव. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरायची. ज्या जनावराचं नाव घ्यायलाही दादी कचरायची, त्याला पिटाळायला बाबाजी माळ्यावर बसून हवेत बार काढायचे.

ही आठवण निघाली ती माझ्या भाचीमुळे. ती एअर रायफल चालवते. मीरा रोडला आपाच्या घरी ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरते आणि डबीतले शिशाचे छर्रे एकेक करून निवडते. कड चेपलेला बाजूला, धूळ लागलेला बाजूला. मी एकदा हसलो, "तांदूळ निवडतेस का गं?" ती म्हणाली, "मामू, दहा मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायचा असतो. कचरा चालत नाही." २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून त्याचा फोटो तिच्या कपाटावर आहे.

बाबाजीही असेच निवडायचे. ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. प्रत्येक बार हाताने भरायचा. आधी मापाने दारू, मग चिंधी, मग छर्रे, वर पुन्हा चिंधी, आणि दरवेळी गजाने ठासायचं. शेवटी घोड्याखाली केप. दारूला ओल लागली तर बार फुसका जातो. छर्ऱ्यांत खडा आला तर नळीला ओरखडा पडतो. म्हणून दारू एका शिंगात, केपा पत्र्याच्या डबीत, छर्रे खणाच्या पिशवीत. कशालाही ओला हात लावायचा नाही, आणि विडी पेटवलेल्या माणसाने ओटीवर पाय ठेवायचा नाही.

बार काढून झाला की खरं काम सुरू व्हायचं. काळी दारू जळल्यावर नळीत काजळी राहते. त्या काजळीत क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. कोकणातल्या हवेत एका रात्रीत लोखंडाला गंज धरतो. नवखे लोक तेल चोपडतात. बाबाजी म्हणायचे, "तेलाने मळ झाकतो, निघत नाही." क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून चुलीवरचं कढत पाणी आणि साबण. गजाला चिंधी गुंडाळून नळी घासायची. पहिली चिंधी कोळशासारखी निघायची, दुसरी राखाडी. पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. मग नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा नुसता हात फिरवायचा.

दोन बारांमध्येही एक शिस्त होती. ओली चिंधी आत फिरवायची, मग कोरडी, आणि मगच नवी दारू. चाचांनी एका रात्री ती मोडली. डुकरं बांधापर्यंत आली होती, घाई होती. नळीत ठिणगी जिवंत राहिली होती आणि चाचांनी माप न घेता थेट शिंगातूनच दारू ओतली. शिंग हातातच फुटलं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. पुढे आयुष्यभर चाचा वुजू करताना तो हात आधी धुवायचे, उरलेल्या दोन बोटांच्या फटीतून पाणी फिरवून. बाबाजी ते पाहत आणि मान वळवत. बंदुकीला दोष त्यांनी कधी दिला नाही. म्हणायचे, "मी शिकवायला कमी पडलो."

शाळेत १८५७ शिकलो तेव्हा मला हाच गज आठवला. एनफिल्ड रायफलीचं काडतूस कागदी होतं. आत दारू आणि गोळी, वरून वंगण. काडतूस दातांनी फोडायचं. ते वंगण होतं काजळी मऊ राहावी, गोळी नळीत सहज उतरावी, ओल लागू नये म्हणून. म्हणजे बंदुकीच्या सोयीसाठी. पण त्यात गाईची आणि डुकराची चरबी आहे ही बातमी छावण्यांत पसरली आणि हिंदू, मुसलमान दोघांच्याही ओठांना ते नापाक झालं. पुढे साहेबांनी तुमचं तुम्ही वंगण लावा म्हणून पाहिलं, पण विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मेरठच्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मेला भडका उडाला. साफ आणि पाक हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण त्यांत केवढं अंतर आहे हे तेव्हा कळलं.

तिसरी सफाई अब्बांनी शिकवली. १९९३ च्या दंगलीनंतर आम्ही मुंबईतलं घर सोडून मीरा रोडला आलो. बाबाजी वारले तेव्हा बंदूक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा झाली. वारस म्हणून अब्बांना परवान्यासाठी अर्ज करता आला असता. त्यांनी केला नाही. "शहरात कुठली डुकरं? आपलं नाव साफ राहू दे," एवढंच बोलले. सगळे कागद देऊन आले, पावती घेऊन आले. ती पावती आजही कपाटात आहे. गज मात्र माळ्यावर राहून गेला.

जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात दंगल झाली, मागोमाग बुलडोझर आले. त्या आठवड्यात भाची लांब पेटी घेऊन लिफ्टमध्ये शिरली तर कुणीतरी विचारलं, "यात काय आहे?" वर्षभर त्याच लिफ्टमधून तीच पेटी जात होती. तिने पेटी उघडून दाखवली. खरेदीचं बिल आणि क्लबाचं पत्र तिच्या झाकणातच असतं. घरी आल्यावर आपा म्हणाली, "सोडून दे हा खेळ." मलाही क्षणभर अब्बांचं वाक्य आठवलं. पण मी ते बोललो नाही. अब्बांनी जे सोडलं ते त्यांना नको होतं. हिला हे हवं आहे.

भाची काही बोलली नाही. तिने वर्तमानपत्र पसरलं, छर्रे निवडले, उरलेले डबीत भरले. मग साबणाने हात धुतले, दोनदा. शिसं नुसत्या पाण्याने जात नाही म्हणते. तेवढ्यात अजान झाली. ती वुजूला बसली. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून गज खाली काढला. तिच्या रायफलीला त्याचा काही उपयोग नाही. तरी पुसून तिच्या पेटीशेजारी ठेवला. चिंधी काळी निघाली.