चंद्रभागेपर्यंत

संत्र्याच्या बागाइतदाराला भर उन्हाळ्यात एकच काम असते, आणि ते म्हणजे काही न करणे. मृग बहार घ्यावयाचा असेल तर झाडांचे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होतात, गळू लागतात, आणि मालकाने बांधावर उभे राहून ते नुसते पाहावयाचे. याला ताण देणे म्हणतात. पाऊस पडला की ताण तुटतो, झाड फुलते आणि मालकाचा पाय घरात अडकतो. आम्हां चौघा मित्रांची उत्तरेची यात्रा २०२४ च्या जून महिन्यात निघाली, ती या मोकळ्या दिवसांच्या हिशेबाने. हा हिशेब माझा होता, हे आरंभीच सांगून टाकतो.

आम्ही चौघे म्हणजे सौंसरला इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर, पांढुर्ण्याचे वकील, नदीपलीकडच्या सावरगावचे पाटील आणि मी. सगळे सदुसष्टीच्या आसपासचे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जांब नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात झेंड्याचा पळस रोवून दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, ती आमची गोटमार. १९७२ सालच्या गोटमारीत पाटलाच्या भुवईवर एक दगड बसला होता. त्याची खूण अजून आहे. तो दगड कोणाचा, यावर आमच्यात पन्नास वर्षे थट्टा चालली. मी त्या थट्टेत कधी फारसा भाग घेतला नाही.

नागपूरहून एक कॅराव्हॅन भाड्याने घेतली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभारलेले हे फिरते घर: निजावयाच्या चार जागा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि एक तरुण चालक. घरून कुरडया, सांडगे, बेसन, तांदूळ, ठेच्याची बरणी असा संसार भरला. गाडीच्या पाटीवर महाराष्ट्राची अक्षरे, आत बसलेले मध्य प्रदेशचे रहिवासी, आणि बोलणे मराठी! ढाब्याढाब्यावर खुलासा करावा लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला, हे मास्तर प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगत. आमचा पांढुर्णा जिल्हा तर २०२३ सालचा. त्याचे नाव कोणी ऐकलेलेच नव्हते.

मुलताईला ताप्तीचे उगमकुंड, मग नर्मदा, मग धौलपूरला चंबळ, अशा नद्या ओलांडीत आम्ही चाललो होतो. उन्हाने डोके फिरावे असे ते दिवस होते. ४ जूनला पानिपताजवळ एका ढाब्यावर सगळी गर्दी निवडणुकीच्या निकालासाठी दूरदर्शनसंचापुढे लोटलेली. आमचे मास्तर मात्र १७६१ च्या जानेवारीतून बाहेर यावयास तयार नव्हते. पाचव्या तारखेच्या रात्री मनालीला पोहोचलो तेव्हा पाटलाने पेटीतून स्वेटर काढला आणि लहान मुलासारखा हसला. जन्मात जूनमध्ये स्वेटर घातला नव्हता, म्हणाला.

खरी गोष्ट इथून पुढची आहे.

मूळ बेत असा होता, की मनालीला दोन रात्री, पुढे जिस्पाला दोन रात्री आणि मग वर सरचू, लेह. मास्तरांनी ते सारे वाचून ठरवले होते. त्यांचे म्हणणे असे: आपण पाचशे मीटरच्याही आत राहणारी माणसे. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर, जिस्पा बत्तीसशेवर, सरचू एकदम बेचाळीसशेच्या वर. तिथेही हवेत प्राणवायू शेकडा एकवीसच असतो. परंतु हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर येतो, म्हणून प्रत्येक श्वासात पदरी कमी पडते. शरीराला याची सवय व्हावयास दिवस द्यावे लागतात.

मी म्हणालो, "मृग लागला. खडकांत बसून दोन-दोन दिवस काय करावयाचे?" वकिलांनी मला दुजोरा दिला. पाटील म्हणाला, "बागवाला म्हन्ते तसं करा. त्याचा जीव झाडात हाय." मास्तर गप्प बसले. सहा जूनच्या पहाटे आम्ही निघालो ते थेट सरचूसाठी.

२०२० साली सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की झाडी मागे राहते आणि लाहौलचे उघडे डोंगर सुरू होतात. तांदीच्या पंपावर डिझेल भरले. पंपाच्या खाली चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे आणि पुढे त्या प्रवाहाला चंद्रभागा म्हणतात, असे मास्तरांनी सांगताच पाटील खाली उतरू लागला. तो दर आषाढीला पंढरपूरला जाणारा माणूस. मी म्हणालो, "येताना." तो मुकाट्याने गाडीत येऊन बसला.

सरचूला तंबूंच्या वस्तीजवळ गाडी उभी केली, तेव्हा दिवस मावळत होता. इतक्या उंचीवर पाणी शहाऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. चहा उसळतो पण उतरत नाही, आणि तुरीची डाळ उघड्या भांड्यात तासभर खदखदून टणकच राहते. वकिलांनी कुकर लावून गोळाभात केला. पाटलाने ताट सारून दिले. गोळाभाताला नाही म्हणणारा पाटील मी कधी पाहिला नव्हता. तेव्हाच ओळखावयास हवे होते. रात्री डोके धरून बसला, दोनदा ओकला. अकराच्या सुमारास बाहेर जावयास उठला तो दारूड्यासारखा झोकांड्या खात दारावर आदळला. मी कोण, असे विचारले, तर माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

तंबूवाल्याने बॅटरीच्या उजेडात त्याला पाहिले आणि "नीचे ले जाओ" एवढेच म्हटले. पण सरचूची अडचण अशी, की खाली जाण्याकरिता आधी वर चढावे लागते. परतीच्या वाटेवर बारालाचा खिंड, सुमारे अठ्ठेचाळीसशे नव्वद मीटर. रात्री रस्त्यावरचे पाणी गोठलेले असते; चालक धजेना, आणि त्याचे बरोबरच होते. तंबूवाल्याने प्राणवायूचे एक नळकांडे दिले. ते पाटलाच्या नाकाशी धरून मी पहाटेपर्यंत बसलो. गाडीत चौघांच्या श्वासांचा आवाज येत होता, आणि मी त्यांतला एकच मोजत होतो.

उजाडताच निघालो. खिंडीत नळकांड्याचा काटा तळाला आला होता. सूरजताल बर्फाखाली पांढरे पडले होते. त्याकडे कोणी पाहिले नाही. दारचाच्या पुलावर पाटलाने डोळे उघडले. जिस्पा ओलांडल्यावर त्याने चहा मागितला. वकील, ज्यांना मी न्यायालयातही कधी गहिवरलेले पाहिले नव्हते, खिडकीकडे तोंड करून बसले.

केलाँगच्या रुग्णालयात त्याला दोन दिवस ठेवले. तरुण डॉक्टरांनी विचारले, "मनाली में कितनी रातें रुके थे?" मी म्हणालो, "एक." त्यांनी कागदावर काही लिहिले आणि मला पुढे काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी सुचवले, की एकाने पाटलाजवळ राहावे, बाकीच्यांनी लेह पाहून यावे. एवढ्या लांब आलो आहोत. त्यात वाईट काही नव्हते. पण मास्तर इतके चिडले, की त्या दोघांचे बोलणे कुलूपर्यंत बंद होते. लेह आम्ही पाहिले नाही.

परतताना तांदीला थांबलो. या दोन्ही नद्या त्याच बारालाचाच्या दोन अंगांना उगम पावतात. भागा सरळ खाली उतरते, चंद्रा मोठा वळसा घालून येते, आणि दोघी इथे भेटतात. लाहौलचे लोक आपल्या माणसांच्या अस्थी या संगमात सोडतात. हे मला तिथे उभे राहिल्यावर कळले, आणि थोडा वेळ पाटलाकडे पाहवेना. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच, चंद्रकोरीसारखी वळलेली. तिचा या पाण्याशी नावापलीकडे संबंध नाही. पाटलाला ते ठाऊक होते. "नाव तं तेच हाय ना," म्हणून त्याने हात जोडले, पाय भिजवले, आणि थंडीने शिव्या देत काठावर बसला. मग वाळूतला एक वाटोळा गोटा उचलून तळहातावर तोलीत म्हणाला, "गोटमारीले बेस हाय."

वकील आणि मास्तर गाडीकडे गेले होते. मी म्हणालो, "पाटील, बहात्तर सालचा तो दगड माझाच होता."

"मले मालूम हाय. तवाच पायलं होतं तुले."

"मग इतकी वर्षे बोलला का नाहीस?"

"तू बोलशीन म्हनून." तो माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला. "चाल आता, थंडी वाजून रायली."

गोटा मात्र त्याने खिशात घातला.