पद्मिनी उघडण्याआधी

चि. भाचीबाईस,



पत्र मिळालं, फोटोही मिळाले. आजोबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी मागच्या शेडमध्ये अजून उभी आहे आणि ती तू घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी रस्त्यावर आणणार आहेस, हे वाचून बरं वाटलं. पण सोबतची यादी वाचली नि कपाळाला हात लावला. नव्या गाडीचं इंजिन, एसी, अलॉय व्हील, खाली गिअर, मॅट काळा रंग... एवढ्या लांब यादीत पत्र्याचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी या गाडीचं कूळ पाहा. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथे अमेरिकन डॉज आणि प्लायमथ जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि 1954 पासून 1100 येऊ लागली. पुढच्या नाकाडामुळे लोकांनी जिला डुक्कर फियाट म्हटलं, ती हीच. 1964 ला डिलाइट आली, 1972 ला तिची प्रेसिडेंट झाली, 1974 ला पद्मिनी. नावं बदलली, बोनेटखाली मात्र फारसं काही हललं नाही. 1089 सीसी, चार सिलिंडर, 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक ही मापं थेट 1937 च्या फियाट 508 सी या गाडीपासूनची आहेत. तिचा कर्ता दान्ते जाकोसा. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी आखलेलं इंजिन विसावं शतक संपेपर्यंत आपल्याकडे बनत राहिलं. अर्थशास्त्रवाले याला परवाना राजचा करंटेपणा म्हणतील, आणि ते खोटंही नाही. पण घरच्या शेडमध्ये पाने-पक्कड घेऊन बसलेल्या हौशी माणसाला हा करंटेपणा फळला आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकच इंजिन चालल्यामुळे ते अंधारात उघडून बसवणारे म्हातारे फिटर अजून सापडतात.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ही विद्या जिवंत ठेवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. त्यानंतर सुटे भाग ठेवायला दुकानदारांना फारसं कारण उरलं नाही. जे काही मिळेल ते आत्ताच गोळा करायला हवं.

आता पत्रा. 1953 मध्ये इटलीत आलेल्या 1100/103 पासून या गाडीला वेगळी चासी नाही. जीप किंवा ट्रकसारखी खाली लोखंडी चौकट आणि वर डबा असा प्रकार नसून डबा हीच चौकट आहे. त्यामुळे जीपचा पत्रा सडला तर ती कुरूप दिसते. पद्मिनीचा तळ सडला तर गाडी कमरेत मोडते. गंज नेमका न दिसणाऱ्या जागी बसतो: दारांखालच्या पोकळ पट्ट्या, पायाखालची जमीन, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे टोकाचे आधार, डिकीत स्टेपनीखालचा खळगा. पावसाचं पाणी दारात शिरतं, खालची भोकं मातीने बुजलेली असतात, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. रंगाला फोड दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते.

म्हणून पहिलं हत्यार लोहचुंबक. ते फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग कार्पेट उपटून, गाडी घोड्यांवर चढवून, बोथट स्क्रू-ड्रायव्हरने तळ टोचायचा. आरपार गेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही. कुठे कापायचं ते तरी कळलं.

कापण्याची एक रीत आहे आणि ती न पाळल्याने कितीतरी गाड्या वाया गेल्या आहेत. दाराखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप टाक्याने जोडून ती जखडायची. एका वेळी एकच बाजू घ्यायची. गाडीचं वजन नेहमीच्या जागांवर राहील असे आधार द्यायचे. हे न करता दोन्ही पट्ट्या एकदम कापल्या की डबा मधोमध चार-पाच मिलिमीटर बसतो, आणि मग नवी पट्टी कितीही सुबक जोडली तरी दार लागत नाही. अशा वेळी डेंटर दार ठोकून बसवतो. दार बसतं, गाडी मात्र कायमची वाकडी राहते.

जुना पत्रा कापून नवा तुकडा जोडायचा तर तुकड्याच्या कडा स्वच्छ धातूपर्यंत जायला हव्यात. गंजावर वेल्डिंग टिकत नाही. गॅसपेक्षा मिग वेल्डिंगने पातळ पत्रा कमी वाकतो, तेही सलग रेघ न ओढता लांब-लांब टिपके देत. लहान गंजलेले भाग, ब्रॅकेट, बिजागऱ्या यांच्यासाठी घरगुती उपाय झकास आहे: प्लॅस्टिकच्या टबात पाणी, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला. दुसऱ्या दिवशी गंज काळ्या गाळासारखा पुसून निघतो. मात्र धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टब उघड्यावर ठेवायचा, कारण हायड्रोजन सुटतो.

पुट्टीबद्दल थोडं कडवट लिहितो. खळगे भरायला ती ठीक. भोकं बुजवायला मुळीच नाही. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या नावाखाली अर्धं रिस्टोरेशन म्हणजे वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर बोटभर पुट्टी आणि वर चकचकीत रंग. दोन पावसाळे काढते, तोवर मालकही बदललेला असतो.

रंगाबाबत आणखी एक. हल्ली हार्डनर घालून मारायचे जे पीयू रंग मिळतात त्यांत आयसोसायनेट असतात, आणि नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. त्यातून जन्माचा दमा जडू शकतो. शेवटचा रंग घरी मारायचा हट्ट सोडावा. घासकाम, प्रायमर आणि सीलरपर्यंत घरी करावं आणि रंगासाठी गाडी बूथ असलेल्या गॅरेजात पाठवावी. तसंच पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, आत वाफ असते.

इंजिनाचं काम त्यामानाने सोपं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला धक्का मारून सुरू करू नये. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडावं, दोन-चार दिवस मुरू द्यावं, मग इंजिन हाताने हळूहळू फिरवावं. फिरलं तर कॉम्प्रेशन मोजावं, आणि त्यानंतरच बोअरिंगचा विचार. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतण्याची सवय मोडावी, या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि साध्या पाण्याने ते खाल्लं जातं. नवी अडचण मात्र पंपावरच्या पेट्रोलची. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतात, टाकीत पाणी धरतं. सगळे रबरी भाग इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, आणि गाडी महिनाभर चालवायची नसेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवावा.

ब्रेक मात्र सगळ्यांत आधी. चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलिंडर, चाकांची सिलिंडरं, रबरी पाइप सगळं नवं. जुन्या शूजवर अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. ड्रमातली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसायची.

आता तुझी यादी. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेल्या, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायची मुभा आहे. मंजूर किटने सीएनजी करून ते नोंदवताही येतं, टॅक्सीवाल्यांनी तेच केलं. दुसऱ्या कंपनीचं मोठं इंजिन मात्र चालणार नाही. शिवाय ते त्या डब्याला, ब्रेकला आणि मागच्या अ‍ॅक्सलला पेलणारही नाही.

दुसरं कारण तुला अधिक पटेल. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं: फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’. तुझ्या गाडीला तो मान 2028 ला मिळू शकतो. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. चासी, डबा, इंजिन यांत मोठा फेरफार नको. पण अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल यांपुरतीच. तुला तिच्यातून भाजी आणायची असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहा.

मग काहीच बदलायचं नाही का? बदल, पण परत काढता येईल असं. डायनॅमो असेल तर अल्टरनेटर, सीटबेल्ट, हेडलाइटला रिले, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन; हे बहुतेक मूळ भोकांत बसतं आणि काढलेले भाग डब्यात जपून ठेवता येतात. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, स्वीकारलेल्या तुरिन सनदेचा रोखही हाच आहे. हँडलवरचा गिअर काढून खाली आणायला जमीन कापावी लागते, म्हणून तो नको. मॅट काळा रंग नको, कारण तो मला आवडत नाही.

भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार पालथा घाल. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जाताना जुना भाग सोबत ने. दुकानदार ‘हाच बसतो’ म्हणतो तेव्हा तिथेच कॅलिपरने मोजून पाहा.

सुरुवात पान्याने करू नकोस. आजोबांच्या कपाटातलं आरसी बुक शोध, त्यातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा आणि मला फोन कर. नंबर जुळत नसतील तर आधी आरटीओचं निस्तरायचं; तोवर एकही नट सोडवायचा नाही.

तुझा,
मामा