कुणाचाच नसलेला रंग

मी एक सुपरहिरो काढतेय. बाई आहे. दिवसा गडहिंग्लजच्या मार्केट यार्डात मिरचीचे देठ खुडते आणि रात्री हिरण्यकेशीच्या पुलावरून उडी मारते. गोष्ट लिहून झाली, चेहरा ठरला, केस कसे बांधायचे तेही ठरलं. पोशाखाचा रंग तेवढा ठरत नव्हता. आठ-नऊ महिने ती माझ्या टॅबवर पांढऱ्या कपड्यांत उभी होती.

रंगात काय एवढं, असं वाटेल. अमेरिकन कॉमिक्सवाल्यांनाही बहुधा तसंच वाटायचं. त्यांचे कितीतरी रंग छपाईच्या सोयीनं ठरले. कागद स्वस्त, वर्तमानपत्राचा. काळी शाई सोडली तर शाया तीनच: निळसर, गुलाबीसर लाल आणि पिवळी. प्रत्येक शाई ठिपक्याठिपक्यांनी पाव लावायची, अर्धी लावायची, पूर्ण लावायची, नाहीतर लावायचीच नाही. म्हणजे ४ गुणिले ४ गुणिले ४, एकूण ६४ रंग. त्यातही जे ठसठशीत उठायचे ते लाल, निळा आणि पिवळा. ते हिरोंना मिळाले, सुपरमॅन बघा. उरलेले हिरवे-जांभळे बऱ्याचदा व्हिलनच्या वाट्याला आले. जोकरचा जांभळा सूट आणि हिरवे केस आठवा, ग्रीन गॉब्लिन आठवा.

हल्कची गोष्ट तर सगळ्यात भारी. १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. पण करडा रंग छपाईत धड येईना. एका पानावर फिकट, दुसऱ्यावर काळपट. दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला, तो झालाच. आज जगातल्या कुठल्याही पोराला विचारा, हल्क हिरवा का? रागामुळे, रेडिएशनमुळे, काहीही सांगेल. कारण शाईचं होतं.

आपल्याकडचं उदाहरण वेताळाचं. फँटम. ली फॉकनं १९३६ मध्ये तो सुरू केला, तेव्हा पट्टी काळी-पांढरी होती आणि त्याच्या मनातला पोशाख करडा होता. ‘ग्रे घोस्ट’ असं नावही त्याच्या डोक्यात होतं. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि छापून आला जांभळा. जंगलात राहणाऱ्या माणसाला जांभळा काय कामाचा! पण चिकटला. इटलीत तोच फँटम लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. १९६४ मध्ये टाइम्स समूहानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि पुढं मराठी अंकांतून तो ‘वेताळ’ म्हणून घरोघरी गेला. माझ्या आत्याकडं त्यातले काही अंक आहेत, कडा कुरतडलेले. त्यातला वेताळ जांभळा आहे.

आता गंमत अशी, की वेताळ आपल्याकडं आधीपासून होताच. शिवेवर, झाडाखाली, शेंदूर फासलेला धोंडा. आंबोली घाट उतरून खाली गेलात तर आरवलीला त्याचं मोठं देऊळ आहे. तिथं लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. रात्री गस्त घालणारा, न दिसणारा, गावाला राखणारा. कॉमिकचं भाषांतर करताना ‘वेताळ’ हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. फक्त रंगाचा मेळ बसत नाही. आमच्याकडं ताकदीचा रंग म्हणजे शेंदूर, तालमीतल्या मारुतीचा. तेलात कालवून थरावर थर चढवतात, वर्षानुवर्षं. पोशाखच म्हणायचा तो, दरवर्षी जाड होत जाणारा. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप काढला, तेव्हा आतलं रूप बघून लोक चकित झाले होते.

मग माझ्या बाईला शेंदरी का नाही? करून पाहिला. सुंदर दिसला. एका मैत्रिणीला पाठवला. तिचा पहिला प्रश्न, “कुठल्या पक्षाची?”

इथंच सगळं अडतं. आपल्याकडच्या रंगांवर नावं लिहिलेली आहेत. भगवा घेतला की एक अर्थ, हिरवा घेतला की दुसरा. निळा घेतला की १४ एप्रिलची मिरवणूक डोळ्यांपुढं येते. त्या निळ्यामागं माणसांनी काय सोसलंय ते माहीत असताना तो नुसता ‘छान दिसतो’ म्हणून उचलायला माझा हात होत नाही. पिवळा म्हणजे भंडारा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत आख्खा माळ पिवळा होतो. लाल उरतो. पण माझी बाई दिवसभर लाल मिरचीच्या ढिगात बसलेली असते. लाल कपडे घातले तर ती चित्रात सापडतच नाही.

ही उगाचची काळजी नाही. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. मी ज्या स्क्रीनसाठी चित्र काढते तीच स्क्रीन.

आणि हे पोरांपर्यंत पोचलंय. आत्या गडहिंग्लजमध्ये टेलरिंग करते. डिसेंबर आला की ब्लाऊज बाजूला पडतात आणि गॅदरिंगचे ड्रेस सुरू होतात: मावळे, शेतकरी, परी आणि हल्ली सुपरहिरो. मागच्या डिसेंबरात मी तिला हुक लावून देत बसले होते. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोरगं सहा-सात वर्षांचं. त्याला हल्क व्हायचं होतं. आत्यानं माप घेतलं, छातीत आणि दंडात स्पंज किती घालायचा ते ठरलं, पोरानं दंड फुगवून दाखवले. हिरव्या लायक्राचा तागा काढला तसे वडील म्हणाले, “हिरवा नको बघा ताई.”

“हल्क हिरवाच असतोय की,” आत्या म्हणाली.

“ते खरं हो. पण नको. लोक काय म्हणत्यात... उगं कशाला.”

माणूस भांडकुदळ नव्हता. आवाजात अजिजीच होती. मी मध्येच सांगितलं की पहिला हल्क करडा होता. वडिलांचा चेहरा उजळला. पोरगं माझ्याकडं असं बघायला लागलं, की मी त्याच्या देवाबद्दल काहीतरी वंगाळ बोलले. “करडा हल्क नसतो,” त्यानं सांगितलं आणि विषय संपवला. शेवटी स्पायडरमॅन ठरला. निळा-लाल. स्पंज रद्द.

गॅदरिंगला मी आत्याबरोबर गेले, कुणाची टाचणी निघाली, कुणाची शिवण उसवली तर बघायला. स्पायडरमॅन स्टेजवर आला. बाकीच्या वर्षांचे स्पायडरमॅन हातातून जाळं सोडायची ॲक्शन करतात. यानं दोन्ही पाय फाकवले, मुठी आवळल्या, छाती बडवली आणि माइक नसताना मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. लोक हसले, टाळ्या पडल्या. वडील खाली मोबाइलवर शूटिंग करत होते; त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते अंधारात दिसलं नाही.

त्या पोराचा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. रंग हिरवा मिळाला नाही तरी हल्क त्यानं सोडला नव्हता. पण म्हणून रंगाशिवाय भागतं असंही मला म्हणायचं नाही. त्याचं भागलं नव्हतंच. म्हणून तर तो एवढा ओरडला.

आपल्या पडद्यावरच्यांनी हा गुंता आपापल्या परीनं टाळला. शक्तिमान १९९७ मध्ये दूरदर्शनवर आला तो तपकिरीकडं झुकणारा लाल आणि सोनेरी घालून. लग्नातल्या शेरवानीचे रंग, कुणाची तक्रार नाही. राज कॉमिक्सचा नागराज हिरवा आहे, पण तो साप असल्यामुळं सुटला. सगळ्यात हुशार मिस्टर इंडिया. दिसायचंच नाही! त्यालाही लाल उजेडानं पकडलं म्हणा.

मी वाकळेचा पोशाखही करून पाहिला. जुन्या साड्यांचे तुकडे, सगळे रंग एकत्र. कल्पना आवडली होती, पण चित्र सरकारी जाहिरातीसारखं दिसायला लागलं, बाईऐवजी संदेशच उभा. पुसून टाकलं.

मोबाइलच्या स्क्रीनवर शाई नसते. लाल, हिरवा, निळा असा उजेड असतो, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. गुणाकार केला तर १ कोटी ६७ लाखांवर रंग होतात. त्यांचं ६४ मध्ये भागलं आणि मला एवढ्यात एक सापडेना.

शेवटी जांभळ्यावर आले. मिरचीच्या लाल ढिगापुढं तो उठून दिसतो. उन्हात, आत्याच्या जुन्या मोबाइलवर, ब्राइटनेस कमी असतानाही बाई ओळखू येते. हे मी यार्डाच्या गेटवर दुपारी उभं राहून तपासलं. नवरात्रातला एखादा दिवस सोडला तर गडहिंग्लजमध्ये त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. निदान आज तरी नाही. मैत्रीण म्हणाली, “घाबरलीस ना?” थोडी घाबरले, हे खरंच आहे. पण पहिल्या पानावर वाचणाऱ्यानं तिला विचारावं की तू कोण, आणि कुणाची हा प्रश्न त्याला सुचायच्या आत तिनं पुलावरून उडी मारावी, एवढं मला हवंय. पुढच्या भागांत ती काय करते ते बघून लोकांनी हवा तो अर्थ लावावा. हिरव्याला राग नंतरच चिकटला.

कापडाच्या चुण्या कुठं पडतात, उडी मारताना काखेत कसं ताणतं हे बघायला मला खरा पोशाख शिवून हवा होता. आत्याला रंग दाखवला. तिनं चष्मा वर करून मोबाइल लांब धरला.

“वांग्यासारखा हाय की. चांगला हाय. पण ह्यातलं लायक्रा हितं मिळायचं न्हाई, कोल्हापूरला महाद्वार रोडला बघाय लागंल. आणि अर्धा मीटर जास्तीचं आण. बाईला खिसा लागतोय.”