पास

परवा भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "दादा, वखर देऊन टाकला भंगारात. बैलच नाहीत तं ठेवून काय करू?" लाकूड चुलीत गेलं, लोखंडी पास किलोच्या भावानं. मी बरं म्हटलं. पण दिवसभर ती पासच डोळ्यांपुढे. काळ्या मातीत घासून दोन बोटांवर आलेली, उन्हात बघवणार नाही इतकी लखलखीत.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आमचे आबाजी पोतं पांघरून वावरात जायचे. उताराच्या टोकाला धुरा, म्हणजे बांध, फुटायचा. तिथं पऱ्हाट्या आडव्या रचून वर दगड ठेवायचे. पाणी निघून जायचं, गाळ अडायचा. उघाड पडली की तो गाळ टोपल्यानं परत वर नेऊन टाकायचं काम माझं. मला ते निव्वळ वेड वाटे.

1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आमच्याकडे, खामगावला, रेल्वे सुरू करायला आला. पुढच्याच वर्षी त्यानं सरकारात शेतीखातं काढलं. डोळा मातीवर नव्हता, कापसावर होता. आबाजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कापसाच्या गाड्या मात्र त्यांच्याही आज्यापासून खामगावलाच जात.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 चं. उताराला आडवी पेरणी करा, असं तिथले लोक सांगतात. आबाजी आडवंच पेरत. ट्रॅक्टरवाला उभं मारतो. लांब तास मिळतं, वळणं वाचतात, डिझेल वाचतं. त्याचं मला कळतं. शेजाऱ्याचं कळत नाही. तो दरसाल आमच्या धुऱ्यात एक तास घालतो. त्या एका तासापायी आम्ही दोघंही वकिलांची घरं भरतोय. त्याच पावसाळ्यांत दोघांची माती नाल्यात गेली. टोपलं कोणीच उचललं नाही. मीही नाही.

आमचा नाला पूर्णा नदीला मिळतो. पूर्णेकाठी, दर्यापूरकडे, आत्याचं गाव. सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागलं तरी तोंडात धरवत नाही, वावराला द्यावं तर जमीन चोपण होते. आत्या पावसाचं पाणी रांजणात जपून ठेवायची. आम्ही गेलो की चहा त्या पाण्याचा. स्वतःसाठी ती वेगळ्या भांड्यात कोरा करायची. एकदा मी चुकून तिच्या कपातला घोट घेतला. खारट.

"तो तुया कप नोहे, बापू," म्हणाली, आणि कप ओढून घेतला.