दरसाल दरशेकडा

निवृत्तीनंतर वडिलांच्या मालवणच्या दुकानातील जुन्या खतावण्या संगणकावर उतरवून त्यांचे छोटेखानी पुस्तक करावे, असे मनात आले. पुतण्याने त्यासाठी ‘लाटेक’ शिकवले. स्वतःच्या ग्रंथाची अक्षरजुळणी पसंत न पडल्याने डोनाल्ड कनुथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘टेक’ ही प्रणाली रचावयास घेतली. लाटेक तिच्यावरच उभे आहे. यात मजकुरातच खुणा लिहाव्या लागतात. $ हा गणिती सूत्राचा आरंभ आणि शेवट. % च्या पुढील ओळ ही लेखकाची खासगी टीप. ती छापली जात नाही. टक्का छापावयाचा तर त्याआधी उलटी तिरकी रेघ हवी.

नातवंडांसाठी या खुणांचे एक पान मी आरंभी जोडले व त्यात एकटा $ जसाच्या तसा दाखवला. छपाई बिनचूक आली. परंतु माझ्या एडिटरने तो सूत्राचा आरंभ समजून पुढील सारी पाने एकाच रंगात रंगवली. रंगच खोटे ठरल्यावर मी त्यांकडे पाहणे सोडले.

इमॅक्स वापरणाऱ्यांतील एक जुनी युक्ती पुढे पुतण्याने सांगितली: त्याच ओळीच्या शेवटी %$ लिहावे. टेक % पाहून पुढचे वगळते. एडिटर मात्र सूत्राच्याच भ्रमात असतो. त्याला % ही टीप वाटत नाही, आणि $ दिसताच सूत्र संपले असे तो मानतो. ताळेबंद जुळावा म्हणून खोटी नोंद टाकावी, तसलाच हा प्रकार. बँकेत केला असता तर लेखी खुलासा द्यावा लागला असता!

रंग ताळ्यावर आले, आणि एका पानावर अर्धी ओळ करडी दिसली. मसुऱ्याच्या एका बागायतदारास दिलेले ५०० रुपये. वडिलांनी लिहिले होते, ‘व्याज दरसाल दरशेकडा ९, बाग पुरात गेली, सबब येणे माफ.’ मी बँकेच्या सवयीने ‘९%’ केले आणि तिरकी रेघ विसरलो. छापील प्रतीत ‘व्याज दरसाल ९’ एवढेच उरले होते. माफी नाहीशी, कर्ज कायम. आणि चुकीची सूचना कोठेच नाही.

त्या बागायतदाराचा नातू आजही आमच्या दुकानी येतो. पुस्तकाची पहिली प्रत त्यालाच द्यावयाची ठरली होती. मी ‘%’ खोडून वडिलांचे ‘दरशेकडा’ पुन्हा लिहिले आणि उरलेली पाने मूळ वहीशी ओळीओळीने ताडून पाहावयास बसलो.